नववीतल्या मुलीला स्वतःची वस्तू करून बघायचीय, कोल्हापुरात क्लास आणि स्पर्धा सोडून अशी कुठली जागा आहे का?

फुलेवाडीकर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा आणि सांगा.

आमची मोठी नववीत आहे. मार्क चांगले पडतात पण जीव सगळा जोडाजोडीत. गच्चीवरची टाकी भरून वाहायची म्हणून तिनं थर्माकोलचा गोळा, दोन सेल आणि एक बझर घेऊन अलार्म केला, तो गेली दोन वर्षं चालतोय. आता तिच्या डोक्यात आजोबांची मोटर बसलीय. आमचं गाव कासारीकाठी, मोटर नदीवर. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढल्या की पाणी झपकन उतरतं, पाण्यात बुडालेल्या पाईपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो आणि रात्रपाळीच्या लाईटीला मोटर कोरडीच फिरत राहते. सील जातं, मागच्या उन्हाळ्यात वाइंडिंगच जळालं. बाजारात ड्राय रनचा कटऑफ, म्हणजे मोटर कोरडी फिरायला लागली की बंद करणारा, मिळतो हे तिला माहीत आहे, आजोबांच्या पेटीत बसवलाय पण, तो करंट बघून बंद होणारा, व्होल्टेज वरखाली झालं की पाणी असलं तरी ट्रिप होतो, मग आजोबा वैतागून तो बायपास करून ठेवतात. हिचं म्हणणं असं की करंट कशाला मोजायचा, पाईपातून पाणी पडतंय का तेच बघायचं. डिलिव्हरी पाईपच्या तोंडाला पत्र्याची झडप, झडपेला लोहचुंबक, शेजारी रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की चालू होणारा बारीक स्विच. चित्र काढून तयार आहे.

इथून पुढं गाडी अडलीय, कारण करायचं कुठं आणि विचारायचं कुणाला. मी बँकेत आहे, मला यातलं काही येत नाही. एका रोबोटिक्स क्लासला घातलं होतं, फी भरपूर, तिथं किट देतात, चित्रात आहे तसं जोडायचं, गाडी पळाली की सर्टिफिकेट. तिनं माझी मोटरची वस्तू इथं करू का म्हणून विचारलं तर ते सिलॅबसमध्ये नाही म्हणाले. शाळेत वर्षातून एकदा प्रदर्शन, त्यात थर्माकोलची मॉडेलं.

तर असं काही आहे का, जिथं तेरा ते सतरा वयाची पोरं शाळा सुटल्यावर जाऊन स्वतःच्या डोक्यातलं काहीतरी करत बसतील, हत्यारं असतील आणि एखादं जाणतं माणूस असेल? आणि नसेलच तर चालू करायला काय काय लागेल? आमच्या मंडळाचा वरचा हॉल गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर रिकामा असतो, म्हणून विचारतोय.

विज्ञानशिक्षक_करवीर

फुलेवाडीकर, पहिल्यांदा मुलीचं कौतुक सांगा माझ्यातर्फे. बाजारातली वस्तू आजोबांच्या शेतात का चालली नाही हे तिनं धरलंय, तिथंच निम्मं काम झालं. वीस वर्षं शिकवतोय, इतका नेमका प्रश्न घेऊन येणारं मूल क्वचित भेटतं.

सरकारी योजनांचं सांगतो. इन्स्पायर अवॉर्ड मानक म्हणून केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागाची योजना आहे, दरवर्षी एका शाळेतून पाच कल्पना ऑनलाइन पाठवता येतात, निवड झाली की मुलाच्या खात्यावर १०,००० रुपये येतात वस्तू करायला, मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय प्रदर्शन. नववीची पोर त्यात बसते. पण नोंदणी शाळेनं करायची असते आणि बऱ्याच शाळा शेवटच्या आठवड्यात गुगलवरून काहीतरी उचलून पाठवतात, हे मला मनापासून खटकतं. तुम्ही जूनमध्येच मुख्याध्यापकांना भेटा, कल्पना लिहून घेऊन जा. शाळेवर अडलं तर राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, म्हणजे गांधीनगरचं एनआयएफ, त्यांच्याकडं मूल थेट स्वतःची कल्पना पाठवू शकतं, डॉ. कलाम यांच्या नावानं इग्नाइट पुरस्कार आहेत.

दुसरं अटल टिंकरिंग लॅब. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळांना यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, देशात १०,००० शाळांत लॅब आहेत, कोल्हापूर जिल्ह्यातही आहेत. थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो म्हणजे प्रोग्रॅम करायचा छोटा सर्किट बोर्ड, सेन्सर, सोल्डरिंग, सगळं येतं. सहावी ते बारावीसाठी आहे आणि आजूबाजूच्या मुलांनाही ती वापरू द्यावी अशी मूळ अपेक्षा आहे. जवळच्या लॅबवाल्या शाळेत जाऊन लेखी विनंती करा, शनिवारी दुपारी दोन तास मुलीला बसू द्याल का म्हणून. नुसतं तोंडी विचारलं तर वरिष्ठांना विचारून सांगतो यावर थांबतं. काही ठिकाणी प्रिंटर प्लास्टिकखाली झाकून ठेवलेला मी बघितलाय, पोरं मोडतील म्हणून. मोडू दे की! मोडल्याशिवाय ती दुरुस्त करायला शिकणार कशी. ज्या शाळेत एखादा शिक्षक स्वतः वेडा आहे तिथं मात्र लॅब संध्याकाळी सातपर्यंत उघडी असते.

माझा अनुभव सांगतो, पैशापेक्षा वेळ कमी पडतो. नववी दहावीच्या पोरांना शाळा, क्लास, परत क्लास, यात रिकामी संध्याकाळच नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ कुणी मागणार नाही अशी मोकळी ठेवा, बाकीचं जमतं.

उद्यमनगरचा_लेथवाला

सर म्हणतात ते बरोबर हाय. मी कारखान्याच्या बाजूनं सांगतो.

दादा, तुमच्या पोरीची वस्तू भारी हाय पण तिला चार गोष्टी सांगा. झडप साध्या पत्र्याची नको, एकतर गंजणार आणि लोखंड असलं की चुंबकाचं सगळं बिनसतंय. स्टेनलेस घ्या न्हाईतर पीव्हीसीची पट्टी घ्या, चुंबक रेझिनमध्ये बुडवून बसवा. रीड स्विचवर डायरेक्ट लोड टाकायचा न्हाई, त्याचे पॉइंट चिकटून बसत्यात, त्यानं फक्त बारीक सर्किटला खबर द्यायची आणि पुढचा रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, त्या सर्किटनं चालवायचा. मग रिलेचा कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या स्टॉप बटणाच्या लाईनीत सिरीजमध्ये घ्या, रिले सुटला की स्टार्टरला धरून ठेवणारी नो-व्होल्ट कॉईल सुटती, मोटर बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोटर चालू केल्यावर पाणी वर यायला वेळ लागतोय, तेवढा वेळ झडपेचं ऐकायचंच न्हाई असा टायमर पायजे, न्हाईतर मोटर सुरू होतानाच बंद पडंल. आता एक गोष्ट मी मुद्दाम सांगत न्हाई, तिला विचारा: शेवाळ न्हाईतर काटकी अडकून झडप उघडीच राहिली तर काय करशील? तिला सुचू दे.

थ्री फेजला मात्र तिनं हात लावायचा न्हाई, बिलकुल न्हाई. तिचं काम बारा व्होल्टपर्यंत. पेटीतलं कनेक्शन वायरमननं करायचं, ती शेजारी उभी राहून बघंल.

हे शहर कशावर उभं हाय बघा. ऑइल इंजिनं, पंप, उसाचे चरक, आता गाड्यांचे पार्ट, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, तीस-चाळीस वर्षं काम केलेली माणसं गल्लोगल्ली हायत. पॅटर्नवाला, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना करणारा, लाकूड बघून सांगतोय कास्टिंग कुठं आकसणार. त्यांची पोरं पुण्याला आयटीत गेली आणि हातातली विद्या तशीच राहिली, कुणी विचारायला येत न्हाई ह्याचं लई वाईट वाटतंय. असल्या माणसाला महिन्यातून एक रविवार बोलवा, चहा द्या, पोरांच्या वस्तू त्याच्यापुढं ठेवा. फुकट येतील, मी लिहून देतो. आमच्या इंजिनिअरिंग असोसिएशनमध्ये पण विषय काढतो.

दोन_मुलींची_आई

वरच्या दादांचं पटलं पण एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. मुली येणार असतील तर हॉलमध्ये कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई, दार उघडं, येण्याजाण्याची वही, आणि वेळ अंधार पडायच्या आत संपणारी. हे नसेल तर पहिल्या महिन्यात चार मुली येतील आणि तिसऱ्या महिन्यात एकही दिसणार नाही, आणि मग लोक म्हणतील मुलींना आवडच नाही. आवड असते हो, घरून परवानगी टिकत नाही. मंडळाच्या हॉलमध्ये मुलांचा अड्डा असतो, त्यांना आधी विश्वासात घ्या.

आणि पोरांना कारखाना दाखवायला न्या, पण कामाला लावू नका कुणी. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर घ्यायला कायद्यानं बंदी आहे. भट्टीजवळ तर अजिबात नको. गॉगल, बंद बूट, केस बांधलेले, ओढणी नाही, हे पहिल्या दिवसापासून.

कलापूर

सगळे यंत्राकडंच चाललेत म्हणून लिहितो. मी चित्रकला शिकवतो. हुशार मूल म्हटलं की आपल्याकडं विज्ञान नाहीतर गणित, चित्र काढणारा, नाटकाचा सेट करणारा, शाडूत हात घालणारा त्यात धरतच नाहीत, फार तर एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊन टाक, दहावीला मार्क वाढतील इतकंच. आणि ही गोष्ट कोल्हापुरात व्हावी!

बाबूराव पेंटर कोण होते? नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. त्यांनी आणि आनंदरावांनी सिनेमा बघितला आणि कॅमेरा आपणच करायचा ठरवलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांना हाताशी घेऊन कॅमेरा पुरा केला. इथल्या इथं, हातानं. मग महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि तिथं कोवळी पोरं येऊन पडेल ते काम करत शिकली, रंग कालवायचा, सेट ठोकायचा, कपडे सांभाळायचे, कॅमेऱ्यामागं उभं राहायचं. शांताराम, दामले, फत्तेलाल तिथलेच, त्यांनी पुढं १९२९ ला प्रभात काढली तीही कोल्हापुरातच. त्या जागेत चित्रकार, सुतार, यंत्रवाला सगळे एका छपराखाली होते म्हणून ते घडलं असं माझं ठाम मत आहे.

आजही तसलं काही बघायचं असेल तर गणपतीच्या आधी महिनाभर राजारामपुरीत तांत्रिक देखाव्याच्या मांडवामागं जाऊन उभे राहा. परवाच्या गणपतीत एका मंडळाचं बघितलं, वायपरची मोटर, सायकलची चेन आणि लाकडी कॅम, म्हणजे फिरता फिरता वर ढकलणारी चकती, त्यावर दहा फुटी मूर्तीचा हात उठत होता, हात वर जाताना झटका बसायचा म्हणून एक अकरावीचा पोरगा कॅमच्या कडेला कानस मारत होता. थोडं घासायचा, फिरवून बघायचा, परत घासायचा. रात्री उशिरापर्यंत. हात मऊ उठायला लागल्यावरच तो जेवायला गेला. विसर्जन झालं की हा पोरगा वर्षभर कुठं जातो? त्याला कुणी विचारत नाही. फुलेवाडीकर, तुमच्या हॉलमध्ये पहिला त्याला बोलवा.

आणि भिंतीचा एक कोपरा चित्रवाल्यांना ठेवा. मोटरची झडप करणारीला स्केच नीट काढता आलं तर वायरमनला समजावणं सोपं जातं. शाहू स्मारकला चिल्लर पार्टीवाले मुलांना चांगले सिनेमे दाखवतात, तिकडं सगळ्यांना मिळून नेत जा.

प्रबोधिनीचा_माजी

मी थोडं वेगळं मांडतो, राग नसावा. मी पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत होतो, १९६२ मध्ये आप्पा पेंडशांनी बुद्धिमान मुलांसाठीच काढलेली संस्था. चाचणी घेऊन निवडतात. लोक याला नावं ठेवतात पण आत गेल्यावर काय होतं ते सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासारखीच प्रश्न विचारणारी मुलं भेटतात. गावातल्या शाळेत मी जास्त विचारायचो म्हणून बसवलं जायचं, तिथं मी विचारलं की शेजारचा अजून पुढचा विचारायचा. हे न भेटल्यामुळं कितीतरी हुशार पोरं आठवी-नववीत गप्प होऊन जातात. हॉल सगळ्यांना उघडा ठेवला तर वेळ घालवायला येणारीच जास्त भरतील आणि खरी तहान असलेलं मूल परत एकटं पडेल. काहीतरी निवड हवीच असं मला वाटतं.

विज्ञानशिक्षक_करवीर

प्रबोधिनीचे माजी, तुमच्यासारख्या मुलांना सोबत लागते हे शंभर टक्के मान्य. पण चाचणीनं कोण निवडलं जाणार? रेन्झुली म्हणून अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ, त्यांनी १९७८ मध्येच मांडलंय की प्रतिभा म्हणजे नुसती सरासरीपेक्षा वरची बुद्धी नव्हे, कामाला चिकटून राहणं आणि नवं सुचणं या दोन्ही गोष्टी तिच्याबरोबर जुळाव्या लागतात. आता कॅमला कानस मारणारा तो पोरगा, त्याचं चिकटून राहणं कुठल्या पेपरात दिसणार? कदाचित तो गणितात पस्तीसवर असेल. दार उघडं ठेवा आणि अट कामाची घाला. पहिले काही आठवडे कुणीही या, त्यानंतर ज्याची वस्तू निम्म्यावर आलीय त्याला कपाटात स्वतःचा कप्पा. ज्याला नाही करायचं तो आपोआप गळतो, त्याला नापास म्हणायची वेळ येत नाही. आणि कप्पेवाली पोरं एकमेकांची सोबत होतात, तुम्ही म्हणता ती सोबत.

गडहिंग्लजचा_इंजिनिअर

सगळं वाचलं, छान चाललंय, पण हे सगळं शहरात. आमच्याकडं शेवटची एसटी गेली की दिवस संपला. मी आजरा रोडच्या एका वाडीतला, आता डिप्लोमा करतोय. दहावीपर्यंत मल्टीमीटर बघितला नव्हता. शिकलो ते अरविंद गुप्तांच्या वेबसाईटवरनं, टाकाऊतून खेळणी, मराठी पुस्तकंपण फुकट आहेत, आगपेटी, काड्या, सायकलची ट्यूब यातून काय काय करायला लावलंय त्या माणसानं. ज्याच्याजवळ काहीच नाही त्यानं तिथनं सुरुवात करावी.

पाबळच्या विज्ञान आश्रमाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुणे जिल्ह्यात, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये चालू केलेला. त्यांचा शाळेतला कार्यक्रम असा की आठवड्यातला एक दिवस पोरं हातानं काम करणार, वर्कशॉप, वीज, शेती, घर-आरोग्य, आणि शिकवायला गावातलीच माणसं, गवंडी, वायरमन, नर्सरीवाली बाई. शिवाय पोरांनी केलेलं काम गावात खरोखर वापरलं जातं, कुणाचं तरी दार वेल्डिंग करून द्यायचं, कुणाची लाईन दुरुस्त करायची. अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, तीसुद्धा २००२ मध्ये तिथं आली, खेड्यात. म्हणजे होतंय, खेड्यात पण होतंय. लेथवाले काका म्हणतात ती जुनी माणसं आमच्या तालुक्यात पण आहेत, ट्रॅक्टर गॅरेजवाले, ट्रॉली बनवणारे, त्यांना कुणी शिक्षक म्हणून बोलवलं पाहिजे.

शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढली ती कशासाठी, पोरगं खेड्यात आणि शाळा शहरात म्हणून. तुम्ही हॉल चालू कराल तेव्हा महिन्यातून एकदा शनिवार-रविवार राहायची सोय करा, आमच्याकडची चार पोरं तरी मी घेऊन येतो. डबे आमचे आम्ही आणू.

आणि एक, पेटंटच्या नावानं घरी फोन करणाऱ्यांना पैसे देऊ नका. आमच्या मित्राच्या घरच्यांनी भरपूर घातले. वैयक्तिक अर्जदाराला प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जाची सरकारी फी ऑनलाइन १,६०० रुपये आहे, त्यानंतर पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. प्रदर्शनात मांडायच्या किंवा यूट्यूबवर टाकायच्या आधी ते करायचं असतं, एकदा जगजाहीर झालं की नवीनपणा गेला म्हणून अर्ज अडतो. एनआयएफला कल्पना आवडली तर पेटंटचं काम तेच बघतात.

फुलेवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक उत्तर घरात मोठ्यानं वाचून दाखवलं.

लेथवाल्या काकांचा प्रश्न मुलीला विचारला. ती जेवता जेवता उठून गेली आणि चित्र घेऊन आली. तिचं म्हणणं, मोटर बंद असताना झडप खाली पडलेलीच असली पाहिजे, म्हणून चालू व्हायच्या आधी सर्किटनं ते तपासायचं, झडप वरच अडकलेली दिसली तर मोटर सुरूच करायची नाही आणि बझर वाजवायचा. चालू असताना अडकली तर मात्र कळणार नाही, त्यासाठी झडपेच्या आधी जाळी घालायची का यावर अजून विचार चालू आहे. बरोबर आहे का काका?

मंडळाच्या अध्यक्षांशी बोललो. हॉल द्यायला तयार आहेत, लाईटबिल मंडळ भरणार. रविवारी सकाळी दहा ते एक ठरवतोय, अंधाराचा प्रश्न नाही. आमची बायको आणि शेजारच्या निवृत्त आयटीआयच्या मॅडम दोघी बसणार आहेत, वही पण घातली. देखाव्याचं वायरिंग करणारी आमच्या मंडळाची तिघं पोरं आत्ताच येतो म्हणालीत, चित्राचा कोपरा त्यांनीच ठरवून टाकला. शाळेच्या मुख्याध्यापकांकडं सोमवारी इन्स्पायरचं विचारायला जातोय.

आता अडलंय ते हत्यारांवर. मल्टीमीटर, सोल्डरिंग गन, पक्कड, पाने घेता येतील. व्हाईस, हँड ड्रिल, कानशी नवीन घ्यायच्या की जुन्या बाजारातनं, आणि काय बघून घ्यायच्या?

उद्यमनगरचा_लेथवाला

पोरीला सांगा एकदम बरोबर. जाळी घातली तर ती पण तुंबती, म्हणून काढून धुता येईल अशी कर म्हणावं, चार बोल्ट आणि विंग नट.

व्हाईस विकत घेऊ नका, माझ्याकडं चार इंची जुना पडून हाय, जबडे घासून देतो. ड्रिल जुनं घेणार असाल तर चक, म्हणजे ड्रिलचं पातं धरणारा भाग, हातानं हलवून बघा, खेळ असंल तर सोडून द्या. कानशी मात्र नव्याच घ्या, एक चपटी, एक गोल, एक अर्धगोल, जुनी कानस धरत न्हाई आणि पोरगं उगाच जोर लावतंय. कामाचं टेबल प्लायचं नको, जाड फळी घ्या आणि भिंतीला बोल्ट मारा. शनिवारी संध्याकाळी टेम्पो तिकडं येणार हाय, व्हाईस त्यातनंच पाठवतो, हॉलचा पत्ता मेसेज करा.

दोन_मुलींची_आई

प्रथमोपचार पेटी राहिली यादीत. बर्नॉल नको, भाजलं की आधी वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. माझी धाकटी आठवीत आहे, तिला आणली तर चालेल का?

फुलेवाडीकर

आणा की ताई, तेराची झाली असेल ना. तुम्हीही थांबा, तिसऱ्या मोठ्या माणसाची गरज आहेच.